अमेरिकेची राज्यघटना: तेरा स्वतंत्र राज्यांनी केंद्र सरकार का स्वीकारलं?

राज्यसेवेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे: "इंग्रजांशी लढून तेरा वसाहती मोकळ्या झाल्या. प्रत्येक राज्याला स्वतःचं विधिमंडळ होतं, न्यायालयं होती, शिबंदी होती. मग थोड्याच वर्षांत त्यांनी आपल्या डोक्यावर दुसरं सरकार का बसवून घेतलं? पुस्तकात 'फिलाडेल्फिया परिषद, १७८७' आणि 'कनेक्टिकट तडजोड' एवढंच आहे. पाठ होतं, पण कळत नाही."

घटनात्मक कायदा शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि हा प्रश्न वर्गात दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच. पुस्तकं उत्तर सुरू करतात ते परिषदेपासून. मी त्याआधीच्या सहा वर्षांपासून सुरुवात करतो, कारण १७८१ ते १७८७ या काळात जे फसलं ते समजल्याशिवाय पुढची एकही तडजोड उलगडत नाही. एका वाक्यात सांगायचं तर पहिलं संघशासन राज्यांना हुकूम सोडत होतं आणि दुसरं थेट माणसांपर्यंत पोहोचलं. बाकी सगळं या फरकातून निघतं.

पहिली व्यवस्था म्हणजे 'आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन', तेरा राज्यांमधला संघाचा करार. काँग्रेसने, म्हणजे तेराही राज्यांच्या प्रतिनिधींच्या सभेने, ती नोव्हेंबर १७७७ मध्ये मंजूर केली, पण तेराही राज्यांची संमती मिळून ती लागू व्हायला १ मार्च १७८१ उजाडलं. मेरीलँड शेवटपर्यंत अडून बसलं होतं. व्हर्जिनियासारख्या राज्यांनी पश्चिमेकडच्या अफाट जमिनींवरचा हक्क सोडावा ही त्याची अट होती. या व्यवस्थेत एकच सभागृह होतं आणि त्यात प्रत्येक राज्याला एक मत. राष्ट्राध्यक्ष नाही, संघराज्याची न्यायव्यवस्था जवळजवळ नाहीच. महत्त्वाच्या निर्णयाला नऊ राज्यांची मतं हवीत आणि व्यवस्थेत बदल करायचा तर तेराच्या तेरा राज्यांची. युद्ध पुकारणं, तह करणं, सैन्य ठेवणं हे अधिकार काँग्रेसला होते. कर बसवण्याचा अधिकार मात्र नव्हता.

मग पैसा कुठून यायचा? काँग्रेस हिशेब मांडून प्रत्येक राज्याला मागणीपत्र पाठवायची: तुमच्या वाट्याला इतके डॉलर आले, भरा. राज्याचं विधिमंडळ त्यावर चर्चा करी, थोडं भरी, उरलेलं पुढच्या वर्षावर ढकली. भरलं नाही तर काय? काहीच नाही. फेब्रुवारी १७८६ मध्ये न्यू जर्सीने सरळ सांगितलं की आम्ही आमचा वाटा देणार नाही. त्यामागे कारण होतं. न्यू जर्सीला परदेशी माल यायचा तो न्यूयॉर्कच्या बंदरातून, आणि न्यूयॉर्क त्यावर स्वतःची जकात घेई. म्हणजे न्यू जर्सीचा गिऱ्हाईक न्यूयॉर्कच्या तिजोरीत भर घालत होता आणि वर काँग्रेस न्यू जर्सीकडे हात पसरत होती. काँग्रेसने समजूत घालायला माणसं पाठवली. विधिमंडळाने नकाराचा ठराव मागे घेतला, पण पैसे भरण्याची तजवीज काही केली नाही. ही एक घटना नीट समजून घेतली तर मागणीपत्रांवर चालणारं सरकार म्हणजे काय, हे वेगळं शिकवावं लागत नाही.

आयात मालावर पाच टक्के शुल्क काँग्रेसला घेऊ द्यावं, असा दुरुस्तीचा प्रस्ताव १७८१ मध्ये आला होता. बारा राज्यं जवळपास तयार होती, एकट्या ऱ्होड आयलंडने तो पाडला. १७८३ मध्ये सुधारून पुन्हा आणला, तेव्हा न्यूयॉर्क आडवं आलं. युद्धात लढलेल्या सैनिकांचा पगार थकला होता, फ्रान्स आणि हॉलंडचं कर्ज डोक्यावर होतं, आणि एक राज्य नाही म्हणालं की सगळ्या देशाची वाट अडायची. जून १७८३ मध्ये पगारासाठी बिथरलेल्या शिपायांनी फिलाडेल्फियात काँग्रेस बसते त्या इमारतीला वेढा घातला. पेनसिल्व्हेनियाच्या सरकारने बंदोबस्त दिला नाही, आणि देशाची काँग्रेस गाव सोडून प्रिन्सटनला गेली. परदेशातही हीच पत. तह होऊनही इंग्रजांची ठाणी वायव्येकडच्या किल्ल्यांत तशीच होती. ब्रिटनने आपल्या वेस्ट इंडीज बेटांचा व्यापार अमेरिकन जहाजांना बंद केला, तर उलट बंदी घालण्याचा अधिकारच काँग्रेसपाशी नव्हता.

या काँग्रेसच्या नावावर एक मोठं काम आहे आणि ते सांगितलं नाही तर तिच्यावर अन्याय होईल. १३ जुलै १७८७ रोजी, म्हणजे फिलाडेल्फियात परिषद चालू असतानाच, तिने न्यूयॉर्कमध्ये बसून ओहायो नदीच्या वायव्येकडच्या प्रदेशासाठी कायदा केला. तिथे गुलामगिरीला बंदी, आणि तिथून निर्माण होणारी नवी राज्यं मूळ राज्यांच्या बरोबरीने संघात येतील अशी तरतूद. पुढे अमेरिका पॅसिफिकपर्यंत पसरली ती मांडलिक प्रांत न करता नवी राज्यं सामावून घेत, त्याचा पाया या कायद्यात आहे. अर्थात तिथे आधीपासून राहणाऱ्या मूळ रहिवासी जमातींच्या जमिनींचं पुढे काय झालं, हा या इतिहासातला दुःखाचा भाग आहे. त्यांना ना या कायद्यात खरा आवाज होता ना पुढच्या घटनेत.

आता १७८६ च्या मॅसॅच्युसेट्सकडे या. युद्धाची कर्जं फेडण्यासाठी तिथल्या सरकारने जबर कर बसवले आणि ते नाण्यांत मागितले. खेड्यातल्या शेतकऱ्याकडे धान्य होतं, जनावरं होती, पण चांदीची नाणी नव्हती. कर थकला की न्यायालयाचा हुकूम, हुकुमामागून जप्ती, आणि कर्जासाठी तुरुंग. यातले कित्येक जण युद्धात लढून आलेले. ऑगस्टच्या अखेरीस नॉर्थहॅम्प्टनला शेकडो लोकांनी न्यायालयाचं कामकाज बंद पाडलं. न्यायालय बसलं नाही म्हणजे जप्तीचा हुकूम निघणार नाही, इतका सरळ हिशेब. डॅनियल शेज नावाचा जुना कॅप्टन त्यांच्या पुढाऱ्यांपैकी एक होता. २५ जानेवारी १७८७ ला हे लोक स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेले. तोफा चालल्या, चार जण मेले, बंड मोडलं.

ते शस्त्रागार काँग्रेसचं होतं, आणि त्याच्या रक्षणासाठी काँग्रेसकडे माणसं नव्हती. सैन्य उभारायचं ठरवलं तर त्याचे पैसेही राज्यांकडेच मागावे लागले आणि ते जमले नाहीत. शेवटी मॅसॅच्युसेट्सची शिबंदी लढली, आणि तिच्यातल्या मुख्य फौजेचा खर्च बॉस्टनच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून दिला. देशातल्या धनिक आणि जाणत्या वर्गाची झोप उडाली ती यामुळे. स्वातंत्र्ययुद्धाचे सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन तेव्हा माउंट व्हर्ननला, आपल्या घरी, शेतीत रमले होते. परिषदेला जावं की नाही या विचारात पडलेला हा माणूस अखेर निघाला, त्यामागे या बंडाच्या बातम्या होत्या.

परिषदेपर्यंतचा रस्ताही वाकडातिकडाच होता. १७८५ मध्ये पोटोमॅक नदीच्या वाहतुकीवरून मेरीलँड आणि व्हर्जिनियाची बोलणी झाली. त्यातून सप्टेंबर १७८६ ची अ‍ॅनापोलिसची व्यापार परिषद निघाली. तिला पाचच राज्यांचे बारा प्रतिनिधी आले. एवढ्यांत निर्णय होणार नव्हता, पण अलेक्झांडर हॅमिल्टनने मसुदा लिहून सगळ्या राज्यांना मे १७८७ मध्ये फिलाडेल्फियाला बोलावण्याची शिफारस केली. फेब्रुवारीत काँग्रेसने मान्यता दिली, ती मात्र मोजून-मापून: जुन्या आर्टिकल्समध्ये दुरुस्ती सुचवणं, एवढ्याच एकमेव कामासाठी.

२५ मे १७८७ ला सात राज्यांची गणपूर्ती झाली. १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा जिथे मंजूर झाला तीच इमारत, तोच दिवाणखाना. वॉशिंग्टन अध्यक्षस्थानी. पुढच्या चार महिन्यांत बारा राज्यांचे ५५ प्रतिनिधी कधी ना कधी हजर राहिले. ऱ्होड आयलंडने कुणालाच पाठवलं नाही. फ्रँकलिन ८१ वर्षांचे, तर न्यू जर्सीचा डेटन २६ वर्षांचा. जेफरसन पॅरिसला आणि अ‍ॅडम्स लंडनला वकिलात सांभाळत होते. कामकाज गुप्त ठेवायचं ठरलं, आणि झालेल्या निर्णयावर पुन्हा मतदान घेता येईल असा नियम केला. माझ्या मते या दोन नियमांशिवाय घटना झालीच नसती. सकाळी एक बोललेला माणूस आठवड्याने मत बदलू शकत होता, कारण गावात त्याच्या नावाने ओरड होणार नव्हती. भारताच्या संविधान सभेने उलट वाट धरली, चर्चा खुल्या ठेवल्या आणि त्या छापल्या. आपल्या सभेपुढचं काम वेगळं होतं, म्हणून दोन्ही बरोबर ठरलं.

आज आपल्याला आतलं इतकं तपशीलवार माहीत आहे ते जेम्स मॅडिसनमुळे. तो अध्यक्षांच्या समोर जागा धरून बसे आणि रोजच्या भाषणांची टिपणं काढी. ती त्याच्या मृत्यूनंतर १८४० मध्ये छापली गेली. हा छत्तीस वर्षांचा व्हर्जिनियाचा माणूस परिषद सुरू होण्याच्या कितीतरी आधी येऊन थांबला होता. जेफरसनने पॅरिसहून पाठवलेली पुस्तकं वाचून त्याने ग्रीसपासून हॉलंडपर्यंतच्या संघराज्यांची टिपणं काढली होती आणि ती का मोडली याचा छडा लावला होता. त्याचा निष्कर्ष साधा होता: वरच्या सरकारने खालच्या सरकारांना हुकूम द्यायचा ही पद्धत चालत नाही. खालचं सरकार ऐकत नसेल तर त्याच्यावर फौज पाठवावी लागते, आणि मग ते राज्य न राहता युद्ध होतं.

२९ मे ला एडमंड रँडॉल्फने व्हर्जिनियाची योजना मांडली. तिच्यामागे मॅडिसनचं डोकं होतं. दोन सभागृहं, दोन्हीत लोकसंख्येच्या किंवा कराच्या प्रमाणात जागा, स्वतंत्र कार्यकारी सत्ता, स्वतंत्र न्यायपालिका, आणि राज्यांचे कायदे रद्द करण्याचा केंद्राला अधिकार. दुसऱ्याच दिवशी ठराव झाला की सर्वोच्च विधिमंडळ, कार्यकारी सत्ता आणि न्यायपालिका असलेलं राष्ट्रीय सरकार स्थापन व्हावं. परिषदेतही एका राज्याला एकच मत होतं: सहा राज्यं बाजूने, कनेक्टिकट विरोधात, आणि न्यूयॉर्कचे प्रतिनिधी दुभंगलेले, म्हणून त्याचं मत कुठेच धरलं गेलं नाही. दुरुस्तीसाठी बोलावलेल्या लोकांनी पहिल्या आठवड्यातच जुनं घर पाडून नवं बांधायला घेतलं होतं.

छोटी राज्यं तेव्हा गप्प राहिली, पण जागांचा प्रश्न आला तशी उभी राहिली. पुढे १७९० च्या जनगणनेत व्हर्जिनियाची लोकसंख्या साडेसात लाखांच्या घरात निघाली आणि डेलावेअरची साठ हजारांच्या आत. प्रमाणात जागा दिल्या तर डेलावेअरचं नावही ऐकू आलं नसतं. १५ जूनला विल्यम पॅटरसनने न्यू जर्सीची योजना आणली: एक राज्य एक मत कायम ठेवा, फक्त काँग्रेसला शुल्क आणि व्यापाराचे अधिकार द्या. १९ जूनला ती सात विरुद्ध तीन मतांनी पडली. डेलावेअरचा बेडफर्ड तर ३० जूनला संतापून म्हणाला की मोठी राज्यं आम्हाला चिरडणार असतील तर हात द्यायला एखादी परकी सत्ता आम्हाला मिळेल. २ जुलैच्या मतदानात पाच-पाच अशी बरोबरी झाली आणि जॉर्जिया दुभंगलं. गाडं तिथेच अडलं.

तुमच्या पुस्तकातली 'कनेक्टिकट तडजोड' ती हीच. रॉजर शर्मन आणि ऑलिव्हर एल्सवर्थ यांनी धरून ठेवलेला तोडगा असा की खालच्या सभागृहात लोकसंख्येप्रमाणे जागा आणि वरच्या सभागृहात प्रत्येक राज्याला समान मत. १६ जुलैला तो पाच विरुद्ध चार मतांनी मंजूर झाला. कनेक्टिकट, न्यू जर्सी, डेलावेअर, मेरीलँड आणि नॉर्थ कॅरोलायना बाजूने, पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया, साउथ कॅरोलायना आणि जॉर्जिया विरोधात, मॅसॅच्युसेट्स दुभंगलेलं. न्यूयॉर्कचे दोन प्रतिनिधी रागावून परत गेले होते, त्यामुळे त्या राज्याचं मतच नव्हतं, आणि न्यू हॅम्पशायरची मंडळी अजून पोहोचायची होती. अमेरिकेचं सिनेट एवढ्या निसटत्या मतावर उभं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी कामकाजाआधी मोठ्या राज्यांचे लोक एकत्र बसले, काही करता येईल का हे पाहिलं, त्यांच्यात एकमत झालं नाही, आणि ते निमूट दिवाणखान्यात जाऊन बसले.

त्याच १७ जुलैला दुसरी एक गोष्ट घडली, जिच्याकडे परीक्षेची पुस्तकं ढुंकून पाहत नाहीत. माझ्या दृष्टीने ती तडजोडीइतकीच मोठी आहे. राज्यांचे कायदे केंद्राने रद्द करावेत ही मॅडिसनची आवडती कलमवजा सूचना त्या दिवशी पडली. तिच्या जागी मेरीलँडच्या ल्यूथर मार्टिनने न्यू जर्सीच्या योजनेतून घेतलेला ठराव मांडला, आणि तो एकमताने मंजूर झाला: केंद्राचे कायदे आणि तह हे राज्यांचे सर्वोच्च कायदे असतील आणि राज्यांच्या न्यायालयांवर ते बंधनकारक असतील. पुढे त्यात खुद्द घटनेचीही भर पडली. म्हणजे राज्याचा कायदा घटनेविरुद्ध गेला तर त्यासाठी विधिमंडळाशी भांडण नको, फौज नको. एखादा सावकार, एखादा कुळवाडी, एखादा जहाजमालक न्यायालयात जाईल आणि न्यायाधीश त्या एका खटल्यात राज्याचा कायदा बाजूला ठेवील. मॅडिसनला हवी होती ती केंद्राची वरवंट्यासारखी ताकद. त्याला मिळालं ते गावोगावच्या न्यायालयात बसलेलं संघराज्य. तो इतका नाराज होता की सप्टेंबरमध्ये त्याने जेफरसनला लिहिलं, ही योजना अमलात आली तरी हेतू साध्य व्हायचा नाही. पुढचा इतिहास पाहता मार्टिनचा ठरावच अधिक टिकाऊ निघाला. हा मार्टिन स्वतः नंतर घटनेच्या कडव्या विरोधकांत गेला.

राष्ट्राध्यक्षपदावर सगळ्यात जास्त घोळ झाला. १ जूनला जेम्स विल्सनने एकच व्यक्ती कार्यकारी प्रमुख असावी असं सुचवलं आणि दिवाणखान्यात शांतता पसरली. ज्याच्यासाठी ते पद होणार हे सगळ्यांना दिसत होतं तो माणूस समोरच अध्यक्षस्थानी बसला होता. फ्रँकलिननी लोकांना बोलतं केलं. रँडॉल्फला त्यात राजेशाहीचं बीज दिसलं, त्याला तिघांचं मंडळ हवं होतं. ४ जूनला एकच प्रमुख ठरला. निवडायचा कुणी? काँग्रेसने, सात वर्षांसाठी, असं एकदा ठरलं, मोडलं, पुन्हा ठरलं. निर्वाचक मंडळाची पद्धत, म्हणजे प्रत्येक राज्याने नेमलेल्या निर्वाचकांनी राष्ट्राध्यक्ष निवडायचा, थेट सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, उरलेल्या विषयांच्या समितीतून आली, आणि तीत दमलेल्या माणसांची घाई दिसते.

आणि गुलामगिरी. इथे घाई करून पुढे जाता येत नाही. प्रतिनिधींपैकी जवळपास निम्मे स्वतः गुलामांचे मालक होते. लोकसंख्येप्रमाणे जागा म्हटल्यावर दक्षिणेच्या राज्यांनी गुलामांचीही गणती मागितली. ज्या माणसांना मत नाही, घर नाही, स्वतःच्या मुलांवर हक्क नाही, त्यांच्या डोक्यांवर मालकांना जागा हव्या होत्या. १७८३ च्या कराच्या प्रस्तावातलं पाचास तीन हे प्रमाण, म्हणजे पाच गुलाम मोजताना तीन माणसं धरायची, उचलून इथे लावलं गेलं. या वाढीव जागांचा फायदा पुढे राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीतही दक्षिणेला मिळाला, कारण निर्वाचकांची संख्या काँग्रेसमधल्या जागांवर ठरत होती. ऑगस्टमध्ये आणखी एक सौदा झाला. आफ्रिकेतून माणसं आणण्याच्या व्यापाराला १८०८ पर्यंत हात लावायचा नाही, आणि त्या बदल्यात न्यू इंग्लंडच्या (ईशान्येकडच्या राज्यांच्या) जहाजमालकांना हवे असलेले व्यापारी कायदे साध्या बहुमताने करता यावेत. पळून गेलेला माणूस मालकाला परत द्यावा असंही कलम आलं. एवढं करून घटनेत 'गुलाम' हा शब्द कुठेही येऊ दिला नाही. माणूस ही मालमत्ता असू शकते ही कल्पना घटनेत मान्य करणं चूक ठरेल, असं मॅडिसन २५ ऑगस्टला म्हणाला, आणि मॅडिसन स्वतः गुलामांचा मालक होता. या कलमांना निव्वळ 'तडजोड' म्हणून पुढे जाणारी उत्तरपत्रिका मला अपुरी वाटते. १७९० मध्ये देशातल्या एकोणचाळीस लाख लोकांपैकी सुमारे सात लाख गुलाम होते. तडजोडीची किंमत त्यांनी मोजली, आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

तपशील समितीने ६ ऑगस्टला पहिला सलग मसुदा दिला. केंद्राचे अधिकार एकेक करून लिहिले ते इथे. शेवटचा हात फिरवणाऱ्या समितीत गव्हर्नर मॉरिस होता ('गव्हर्नर' हे त्याचं नावच, पद नव्हे). आधीच्या मसुद्यात प्रास्ताविकेत तेरा राज्यांची नावं ओळीने होती. मॉरिसने ती काढून 'आम्ही, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे लोक' असं केलं. यात व्यवहारही होता, कारण कुठली राज्यं मान्यता देतील हे माहीत नसताना नावं कशी लिहायची? पण राज्यांशी नव्हे, माणसांशी नातं जोडणारं सरकार, ही सगळी खटपट त्या एका बदलात उतरली. १७ सप्टेंबरला ३९ जणांनी सह्या केल्या. मेसन, रँडॉल्फ आणि गेरी हजर असूनही सही न करता बसून राहिले. मेसनने पाच दिवस आधी नागरिकांच्या हक्कांची सनद जोडण्याचा आग्रह धरला होता आणि एकाही राज्याने त्याला साथ दिली नव्हती. ही परिषदेची सर्वांत मोठी चूक होती.

मान्यतेचा मार्गही त्यांनी नवाच काढला. जुन्या नियमाने तेरा विधिमंडळांची संमती लागली असती. नव्या घटनेने सांगितलं की नऊ राज्यं पुरेत, आणि तीही विधिमंडळांनी नव्हे तर लोकांनी त्यासाठीच निवडलेल्या परिषदांनी संमती द्यावी. कायद्याच्या काटेकोर भाषेत ही बेकायदा उडी होती. त्या वेळच्या विरोधकांनी तसं म्हटलंही, आणि त्यात तथ्य होतं. पेनसिल्व्हेनियात तर विरोधी सदस्यांनी गणपूर्ती मोडण्यासाठी विधानसभेत येणंच बंद केलं. २९ सप्टेंबरला जमावाने त्यांच्यापैकी दोघांना मुक्कामावरून ओढत आणून सभागृहात बसवलं, गणती पुरी झाली, आणि परिषदेच्या निवडणुकीचा ठराव पास झाला.

डेलावेअरने ७ डिसेंबर १७८७ ला पहिली संमती दिली, एकमताने. समान सिनेट मिळालेलं छोटं राज्य ते. खरी कसोटी मॅसॅच्युसेट्समध्ये होती. तिथल्या परिषदेत एमॉस सिंगलटरी नावाच्या गावकऱ्याने भीती सांगितली की हे वकील, विद्वान आणि पैसेवाले लोक सगळी सत्ता आपल्या हाती घेऊन आमच्यासारख्या लहान माणसांना गिळून टाकतील. त्याला उत्तर दिलं जोनाथन स्मिथ या शेतकऱ्याने. मी नांगरावर पोट भरणारा साधा माणूस आहे, म्हणाला, पण बंडाच्या काळात आमच्या भागात काय अराजक होतं ते मी पाहिलंय, आणि ही घटना हातात आल्यावर मला त्यावरचा इलाज दिसला. हॅमिल्टन, मॅडिसन आणि जॉन जे यांनी घटनेच्या बाजूने न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांसाठी लिहिलेले ८५ लेख जगभर वाचले जातात आणि वाचावेतच, पण या दोन शेतकऱ्यांचा वाद मला त्यांच्याइतकाच मोलाचा वाटतो. दोघांचंही म्हणणं खरं होतं. मॅसॅच्युसेट्सने ६ फेब्रुवारी १७८८ ला १८७ विरुद्ध १६८ मतांनी होकार दिला, तोही सोबत दुरुस्त्यांची शिफारस जोडून. हीच वाट पुढच्या राज्यांनी धरली. २१ जूनला न्यू हॅम्पशायर नववं ठरलं, चार दिवसांनी व्हर्जिनिया ८९ विरुद्ध ७९ ने आलं, जुलैअखेर न्यूयॉर्क ३० विरुद्ध २७ ने. ऱ्होड आयलंड २९ मे १७९० ला आलं, अवघ्या दोन मतांच्या फरकाने.

वॉशिंग्टननी ३० एप्रिल १७८९ ला न्यूयॉर्कमध्ये शपथ घेतली. पहिल्या काँग्रेसने जे केलं त्यात सहा वर्षांच्या सगळ्या रोगांवरची औषधं ओळखू येतात. ४ जुलैला आयात शुल्काचा कायदा झाला, म्हणजे मागणीपत्रं संपली. शुल्क थेट बंदरात वसूल होऊ लागलं. २४ सप्टेंबरला न्यायव्यवस्थेचा कायदा झाला: सहा न्यायाधीशांचं सर्वोच्च न्यायालय आणि तेरा जिल्हा न्यायालयं. मॅडिसनने निवडणुकीत दिलेलं वचन पाळून हक्कांच्या दुरुस्त्या मांडल्या. राज्यांकडे बारा गेल्या, त्यांतल्या दहा १५ डिसेंबर १७९१ ला घटनेत आल्या. दहाव्या दुरुस्तीने केंद्राला न दिलेले अधिकार राज्यांकडे किंवा लोकांकडे राहतील असं स्पष्ट केलं.

आता तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग, म्हणजे हे सगळं प्रत्यक्षात चाललं का. १७९१ मध्ये काँग्रेसने दारूच्या भट्ट्यांवर कर बसवला. पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या शेतकऱ्याला डोंगर ओलांडून धान्य न्यायला परवडत नसे, म्हणून तो त्याची व्हिस्की करून विके. त्याच्या गावात ती चलनासारखी चाले. त्याचा राग मॅसॅच्युसेट्सच्या शेतकऱ्यासारखाच खरा होता. जुलै १७९४ मध्ये केंद्राचा मार्शल (न्यायालयाचे हुकूम बजावणारा अधिकारी) समन्स बजावायला आला आणि जमावाने करनिरीक्षकाचं घर जाळलं. या वेळी काय झालं पाहा. सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशाने लेखी प्रमाणपत्र दिलं की त्या भागात न्यायालयांमार्फत कायद्याचा अंमल करणं अशक्य झालं आहे. कायद्याप्रमाणे ते लागत होतं. तो न्यायाधीश म्हणजे १ जूनला एकच राष्ट्राध्यक्ष सुचवणारा जेम्स विल्सन. त्यावर वॉशिंग्टननी चार राज्यांची सुमारे तेरा हजारांची शिबंदी बोलावली, स्वतः काही वाट तिच्यासोबत गेले, आणि बंड लढाईशिवाय विरलं. दोघांवर राजद्रोह सिद्ध झाला. वॉशिंग्टननी दोघांनाही माफी दिली. व्यापाऱ्यांची वर्गणी लागली नाही, पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाला हुकूम सोडावा लागला नाही.

भारताशी तुलना विचारली जाते म्हणून थोडक्यात सांगतो. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. हॅमिल्टन, जे आणि मॉरिस हे तिघेही त्याच संस्थेचे जुने विद्यार्थी, तेव्हा तिचं नाव किंग्ज कॉलेज होतं. ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा संविधान सभेपुढे मांडताना बाबासाहेबांनी अमेरिकेशी सविस्तर तुलना केली. दोन पातळ्यांवरचं सरकार दोन्हीकडे आहे, पण आपल्याकडे नागरिकत्व एकच, न्यायव्यवस्था एकसंध, राज्यांना स्वतंत्र घटना करण्याची मोकळीक नाही, आणि आणीबाणीत संघराज्याला एकात्म रूप घेता येतं. आपला संघ राज्यांच्या कराराने झालेला नाही आणि कोणत्याही राज्याला फुटून निघता येणार नाही, हेही त्यांनी त्याच भाषणात सांगितलं. अमेरिकनांना ते ठरवायला यादवी युद्ध करावं लागलं याची आठवण देऊन. फिलाडेल्फियाने तो प्रश्न उघडाच ठेवला होता. गुलामगिरीचाही तसाच ठेवला, आणि १८६१ मध्ये दोन्ही एकदम फुटले.

मुख्य परीक्षेत यावर प्रश्न आला तर तडजोडींची यादी नंतर द्या. आधी न्यू जर्सीचा १७८६ चा नकार आणि स्प्रिंगफील्डचं शस्त्रागार लिहा, मग १६ आणि १७ जुलै हे दोन दिवस एकत्र मांडा. एका दिवशी राज्यांना सिनेटमध्ये समान जागा मिळाली, दुसऱ्या दिवशी त्यांच्या न्यायाधीशांवर केंद्राचा कायदा बंधनकारक झाला. राज्यांनी सत्ता का सोडली आणि त्या बदल्यात काय राखलं, याचं उत्तर त्या दोन मतदानांत आहे.